उरण्याचं कारण

नेमाताईंचे रोजचे नेम पाच. पहाटे उठल्यावर अंघोळ होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. दुपारी बारापर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. (बारानंतरही त्या फारसं बोलत नसत, पण माणूस आहे, जीभ आहे, थोडी सवलत ठेवलेली बरी.) अंथरुणाला पाठ टेकण्याआधी, दिवसभरात आपल्यामुळे कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची मनातल्या मनात माफी मागायची. आणि पाचवा नेम असा, की आपल्या डोळ्यांदेखत अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही.

पहिले चार नेम गरीब गायीसारखे. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. घात केला तो पाचव्यानं. ‘आपल्या पानात’ एवढंच म्हटलं असतं तर सगळं सुरळीत चाललं असतं. पण नेम घेताना माणसाला जरा जास्तच उमाळा येतो, तसा त्यांना आला आणि ‘आपल्या डोळ्यांदेखत’ असं ठरून गेलं. आपलं पान आपल्या ताब्यात असतं. डोळे काय, शेजारच्या पानावरही जातात.

त्यात आणखी एक गोम होती. नेम कुणाला सांगायचा नसतो. सांगितलेला नेम म्हणजे डबी उघडी राहिलेला कापूर, असं त्यांची आई म्हणायची. वास सगळ्यांना आणि डबीत काही नाही. म्हणून नेमाताई नेम पाळतात हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं, हे नाव त्यावरूनच पडलेलं. पण कुठले पाळतात हे घरात यजमानांनाही धड ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नाही. ते नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. रस्ता कुठं जातो एवढं पाहायचं, का जातो ते विचारायचं नाही, ही त्यांची सवय.

तर, चिमणी.

चिमणी ही नेमाताईंची मैत्रीण. दस्त नोंदवायच्या कचेरीत दोघींची टेबलं अठ्ठावीस वर्षं शेजारी शेजारी. चिमणी हे नाव विसाव्या वर्षी पडलं तेव्हा शोभत होतं. पुढं ती चांगली भरली, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. चिवचिव मात्र तीच. आणि खाणं! चिमणीला जेवताना पाहणं म्हणजे आपल्यालाही भूक लागणं. ती घाईनं खात नसे, हावरटासारखंही नाही. एखादी बाई जुन्या मैत्रिणीला भेटावी तशी ती भाताला भेटायची. आणि मधूनच, न विचारता, तिचा चमचा नेमाताईंच्या ताटलीत यायचा. “तुझं नेहमी माझ्यापेक्षा बरं निघतं गं,” म्हणत एक घास उचलून परत जायचा. दोघींनी तेच मागवलेलं असलं तरी.

निवृत्तीनंतर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी साडेबाराला, बसथांब्याजवळच्या हॉटेलात खिडकीपाशी दोघी जेवायच्या. वेटर एकच, मिशीवाला. तो न विचारता पाणी आणायचा आणि विचारूनही पंखा कमी करायचा नाही.

त्या गुरुवारी भाजीत मीठ जास्त पडलं होतं. चिमणीनं अर्धी खाल्ली आणि वाटी बाजूला सारली. मिशीवाल्यानं हात पुढे केला. त्यांनी पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला, वाटी त्यात उपडी केली, झाकण लावलं.

“हे काय गं?” चिमणी म्हणाली.

आता इथं खरं सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण कापराची डबी! नेमाताई खाली बघत, हळू आवाजात म्हणाल्या, “राहू दे. घरी तेवढाच आधार.”

‘आधार’ का म्हणाल्या कोण जाणे. उपयोग म्हणता आलं असतं, बदल म्हणता आलं असतं. पण मवाळ बोलणाऱ्या माणसांचं असंच होतं. शब्द हळू निघतात आणि भलतेच निघतात.

चिमणीनं नेमाताईंच्या करड्या स्वेटरकडे पाहिलं, जो तिच्या आठवणीत आठव्या हिवाळ्यात होता. मग तिला यजमानांचे बूट आठवले असणार. ते बूट टाचेपाशी इतके झिजले होते की यजमान चालताना किंचित मागं रेलल्यासारखे दिसायचे. खरं तर त्यांना नवे बूट चावतात म्हणून ते जुने सोडत नव्हते. तीन नवे जोड खोक्यात पडून होते. पण खोकी कुठं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात?

पुढच्या महिन्याच्या गुरुवारी चिमणीनं चौघांचं जेवण मागवलं.

“अगं, एवढं कोण खाणार?”

“खाऊ गं. आज मला भूक आहे,” असं म्हणून चिमणीनं सूप घेतलं, तीन चमचे भात खाल्ला आणि हात पुसले. “नाही बाई. हल्ली सुरुवातीला वाटतं खाईन, पण जातच नाही. तू ने घरी.”

डबा छोटा पडला. मिशीवाल्यानं कागदी खोकी दिली. नेमाताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बसमध्ये चढल्या, तेव्हा कंडक्टर म्हणाला, “ताई, कुठं कार्य आहे वाटतं?”

तिसऱ्या महिन्यात नेमाताईंनी चार पुडांचा डबा नेला. आपण तयारीनिशी आलो की चिमणीला अवघडल्यासारखं वाटणार नाही, असा त्यांचा विचार. आणि चार पुडांचा डबा पाहून चिमणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पाणी नेमाताईंना दिसलं. तब्येतीचं असणार, असं त्यांनी धरलं. चिमणीनं त्या दिवशी दोन चमचे भात खाल्ला.

आता मैत्रिणीची भूक गेली म्हटल्यावर कुणीही विचारील, “डॉक्टरला दाखवलंस का?” नेमाताईंनी एकदाच विचारलं. चिमणी म्हणाली, “वयच झालं, दुसरं काय!” आणि विषय बदलला. खोदून विचारणं नेमाताईंच्या स्वभावात नाही. त्या घरी आल्या आणि देवापुढे हात जोडून म्हणाल्या, “तिची भूक परत येऊ दे. तोवर मी चहात साखर घेणार नाही.”

हा सहावा नेम. तोही कुणाला सांगितला नाही. यजमानांना वाटलं, साखर संपली. त्यांनी दोन किलो आणून ठेवली.

इकडे घरात अन्न साचू लागलं. गुरुवार रात्र, शुक्रवार दोन्ही वेळा, शनिवार सकाळ, असा हॉटेलच्या जेवणाचा अंमल. यजमान पहिल्या महिन्यात खुशीत खायचे, दुसऱ्यात गप्प बसून, तिसऱ्यात म्हणाले, “अहो, तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, आमच्याकडे स्वयंपाकघर आहे.” नेमाताईंनी हे चिमणीला सांगितलं नाही. कुणाचं मन कशाला दुखवा?

शेजारपाजार धावून आला. सल्ला देण्यात आमच्या इमारतीचा हात कुणी धरणार नाही. तळमजल्याची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, “वहिनी, सगळं बर्फाच्या कप्प्यात टाका, सहा महिने हलत नाही.” टाकलं. बर्फाचा कप्पा इतका भरला की दार लागेना, आणि लागलं तेव्हा उघडेना. यजमान स्क्रू पिळायचं हत्यार घेऊन अर्धा तास फ्रिजशी कुस्ती खेळले आणि हँडल हातात घेऊन विजयी मुद्रेनं परत आले.

वरच्या मजल्यावरचे पाणीखात्यातले निवृत्त साहेब म्हणाले, “उरलेलं कुंडीत पुरायचं. उत्तम खत. मी स्वतः करतो.” ते स्वतः काय करत होते देव जाणे, त्यांच्याकडे एकही कुंडी नव्हती. नेमाताईंनी गॅलरीतल्या दोन कुंड्यांत भात पुरला. आता पुरणं म्हणजे वाया घालवणं की नाही, यावर त्या एक पूर्ण दुपार विचार करत होत्या. निर्णय होण्याआधी मुंग्या आल्या. मुंग्यांनी नेमाताईंची गॅलरी, तिथून जिना आणि जिन्यावरून सेक्रेटरींचं घर अशी शिस्तीत वाटचाल केली. दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली: ‘काही सदस्य अन्नाची लागवड करत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही प्रथा तत्काळ थांबवावी.’ नाव नव्हतं, पण जाता येता प्रत्येक जण सूचना वाचून नेमाताईंच्या दाराकडे बघायचा. आयुष्यभर ज्या बाईचा आवाज भिंतीपलीकडे गेला नाही, तिच्या मुंग्या गेल्या! नेमाताईंना जिना उतरणं जड जाऊ लागलं.

चौथ्या महिन्यात एक गोष्ट घडली, आणि ती आठवली की नेमाताईंना आजही तोंड लपवावंसं वाटतं.

हॉटेलातून निघून त्या बसथांब्यावर आल्या आणि लक्षात आलं, वरच्या पुडाचं झाकण टेबलावरच राहिलं. परत गेल्या. काचेतून आत पाहतात तो चिमणी! घरी गेलेली चिमणी, आत गल्ल्याजवळच्या उंच फळीपाशी उभी राहून, सुपात पाव बुडवून बुडवून खात होती. भराभरा. पाठमोरी. मिशीवाल्यानं पुढ्यात आणखी एक पाव ठेवला, तोही तिनं उचलला.

दुसरी कुणी असती तर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असता. नेमाताईंच्याही पडला, पण उलट दिशेनं. “देवा, भूक परत आली!” त्यांनी तिथंच रस्त्यात हात जोडले. साखर सोडल्याचं फळ महिन्याभरात! आपल्यासमोर खायला बिचारीला संकोच वाटत असेल, इतके दिवस ‘भूक नाही’ म्हटल्यावर. तिला लाजवायला नको, म्हणून झाकण तिथंच सोडून त्या पावलांचा आवाज न करता परत फिरल्या. बसमध्ये सारा वेळ त्यांचा चेहरा फुललेला होता.

पुढच्या गुरुवारी चिमणीनं एकच चमचा भात खाल्ला. नेमाताईंना वाटलं, देवाला साखर पुरेशी वाटलेली नाही. त्यांनी आमटीतलं मीठही सोडलं.

पण घरातल्या अन्नाचं काहीतरी करायला हवं होतं. यजमानांनी शुक्रवारी भावाकडे जेवायला जायचा पायंडा पाडला होता. शेवटी शिवणकाम करणाऱ्या बाईनंच सुचवलं, “पुलापलीकडे वृद्धाश्रम आहे, तिथं घेतात.” पुण्याचं काम आणि फ्रिजलाही मोकळा श्वास! नेमाताई डबा घेऊन गेल्या.

वृद्धाश्रमाच्या कार्यालयात एक कारकून होता. त्यानं डबा उघडूनही पाहिला नाही. “अर्ज भरलाय?”

“कसला अर्ज?”

“शिल्लक अन्न स्वीकारण्याचा. असं कसं घेणार, बाई? उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर?”

अठ्ठावीस वर्षं कचेरीत काढलेल्या नेमाताईंना अर्जाचं भय नव्हतं. उलट कागद हातात आल्यावर त्यांना बरं वाटलं. पण हा अर्ज काही वेगळाच होता. अन्न शिजवल्याची वेळ. शिजवणाऱ्याची सही. ताटात वाढल्याची वेळ. अन्न स्वतःच्या घरी का वापरत नाही? उरण्याचं कारण. आणि सर्वांत खाली, अन्न उरवणाऱ्या व्यक्तीची संमती व सही.

“उरवणाऱ्याची सही कशाला?”

“त्याचंच अन्न ना! त्यानं उद्या मागितलं तर?” कारकून म्हणाला. असं कुणी मागितलंय का कधी, हे नेमाताईंनी विचारलं नाही. नियमाला प्रश्न विचारून काय मिळतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं. टेबलाच्या पलीकडून त्यांनीही लोकांना हेच सांगितलं होतं.

रात्रभर विचार करून त्यांनी अर्ज भरला. सुंदर अक्षर. ‘घरी का वापरत नाही’ यापुढे लिहिलं: घरी गरज नाही, मुबलक आहे. ‘उरण्याचं कारण’ यापुढे बराच वेळ लेखणी थांबली. मग लिहिलं: मैत्रिणीची भूक मंदावली आहे.

सहाव्या गुरुवारी चिमणीनं नेहमीसारखं चौघांचं मागवलं, एक चमचा भात खाल्ला आणि म्हणाली, “भर गं डबा.” नेमाताईंनी डबा भरला आणि अर्ज पुढे केला.

“इथं जरा सही करतेस?”

चिमणीनं चष्मा लावला. तीही कचेरीतलीच, वाचल्याशिवाय सही करणारी नव्हे. ती वरपासून खालपर्यंत वाचत गेली. एका ओळीवर बोट थांबलं.

“घरी गरज नाही?”

“नाही गं. फ्रिज इतका भरलाय की हँडल निघालं. यजमान तर शुक्रवारी भावाकडे पळतात.”

“मुबलक आहे?”

“देवाच्या दयेनं.”

चिमणीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आणि भावजींचे बूट?”

“ते होय! नवे चावतात त्यांना. तीन जोड पडलेत घरी.”

“आणि तो ‘आधार’?”

आता मात्र नेमाताईंपुढे ताटलीतला भात, फळीवरचा पाव, चिमणीचे भरलेले डोळे, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

“तुला काय वाटलं, चिमणे? आम्ही... आमच्या घरी...”

“मग काय वाटणार? डबे भरून नेतेस! एका पुडाची चार पुडं झाली! मी आपली म्हणते, बिचारी मानी आहे, मागायची नाही, तर निदान ताटात उरवावं!”

“तू मला गरीब समजलीस?”

“आणि तू मला आजारी!”

मिशीवाला पाण्याचा जग घेऊन मध्ये आला. त्याला वाटलं, आपणही काही भर घालावी. “त्या आजारी नाहीत हो ताई,” तो म्हणाला, “तुम्ही गेल्या की दर वेळी तीन पाव खातात.”

“तू जा!” दोघी एकदम म्हणाल्या. सहा महिन्यांत त्यांचं एकमत झालेलं एवढंच.

“पण मग डबा कशाला आणायचीस?” चिमणीनं विचारलं. आवाज आता खाली आला होता, आणि चिमणीचा खालचा आवाज नेमाताईंनी अठ्ठावीस वर्षांत दोनदाच ऐकला होता.

“माझा नेम आहे. डोळ्यांदेखत अन्न वाया जाऊ द्यायचं नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नेम सांगितला तर... फळ जातं त्याचं.”

चिमणीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. एक बस आली, गेली.

“मला जेवायला किती आवडतं, माहीत आहे ना तुला?” ती म्हणाली. “महिनाभर मी या गुरुवारची वाट बघते. सहा महिने इथं बसून, समोर गरम भात, आणि मी तीन चमचे, दोन चमचे, एक चमचा. तुझ्यासमोर बसून खायचं सोडून मी त्या फळीपाशी उभ्यानं पाव खात होते. तुझ्या नेमाचं फळ साठत होतं ना? छान. भरपूर साठलं असेल.”

“मी तुझ्यासाठी साखर सोडली, चिमणे. मीठ सोडलं.”

“मला सांगून सोडली असतीस,” चिमणी म्हणाली, “तर सहा महिने दोघी जेवलो असतो.”

तिनं अर्जावर सही केली. ‘उरण्याचं कारण’ यापुढचं नेमाताईंचं वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं, कचेरीत खोडायची तसं, बाजूला आद्याक्षर करून. आणि वर लिहिलं: गैरसमज. मग पर्स उचलून गेली.

वृद्धाश्रमानं अर्ज परत केला. खाडाखोड चालत नाही म्हणे.

त्या रात्री नेमाताईंनी चौथा नेम पाळला. चिमणीची मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्या रात्री मागितली, तिसऱ्या रात्रीही. महिनाभरानं त्यांच्या ध्यानात आलं, की मनातल्या मनात मागितलेली माफी पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला ऐकू जात नाही. इतकी वर्षं आपण कुणाकुणाची अशी माफी मागितली आणि त्यांतल्या कुणाला पत्ताच नाही, हा विचार आला तशा त्या उठून बसल्या. यजमानांना वाटलं, मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवशी अंघोळ व्हायच्या आत त्यांनी चिमणीला फोन केला. पहिला नेम मोडला तो असा. “माझं चुकलं गं,” त्या म्हणाल्या. पलीकडून आलं, “बरं. गुरुवारी साडेबारा.” फोन ठेवला गेला.

गुरुवारी नेमाताई डबा न घेता गेल्या. चिमणी आधीच येऊन बसली होती.

“एक माझं, एक यांचं,” तिनं मिशीवाल्याला सांगितलं. “वेगवेगळं.”

जेवण झकास होतं. चिमणीनं भात खाल्ला, भाजी खाल्ली, सूप वाटी तिरकी करून संपवलं. शीतसुद्धा उरवलं नाही. नेमाताईंनी तरी कुठं उरवलं? इतक्या स्वच्छ ताटल्या त्या टेबलावर कधी दिसल्या नव्हत्या. पाचवा नेम इतका पुरता कधी पाळला गेला नव्हता. चिमणी नातवंडांबद्दल बोलली, बसच्या नव्या वेळापत्रकाबद्दल बोलली. चमचा मात्र तिचा आपल्याच ताटलीत राहिला.

फक्त शेवटचा एक घास नेमाताईंनी मुद्दाम ठेवला होता. भात आणि त्यावर भाजीची चांगली बटाट्याची फोड. ताटली त्यांनी हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी, पलीकडे सरकवली. घास चिमणीच्या बाजूला आला. त्या पाणी प्यायल्या. रुमाल काढून घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मिशीवाला आला. “ही ताटली उचलू?”

“थांबा जरा,” नेमाताई म्हणाल्या.

तो थांबला. पंखा फिरत राहिला. चिमणी बाहेर बसथांब्याकडे बघत होती. तिनं मान वळवली नाही, पण हात पुढे केला, आणि नेमाताईंना क्षणभर वाटलं, आता घास उचलणार. त्या हातानं ताटली पकडली आणि सावकाश परत नेमाताईंपुढे सरकवली.

“खा तो,” चिमणी म्हणाली. “नेम मोडेल तुझा.”

नेमाताईंनी घास खाल्ला. भाजीत मीठ होतं, नव्हतं, त्यांना कळलं नाही. घरच्या आमटीत त्यांनी अजून मीठ सुरू केलं नव्हतं.